वसंताच्या तोंडावर बेटाभोवती गरवतोय, पाच दिवसांत एक मासा नाही. चुकतंय कुठं?

नवखा_गरीवाला

नमस्कार मंडळी. कामासाठी तीन आठवडे एका बेटावर आहे. बेट लहानच. एका अंगाला उघडा समुद्र, कातळ आणि खडप. पाठीमागं मुख्य किनाऱ्याकडं तोंड केलेलं उथळ पाणी, काळा चिखल, पाणगवत आणि त्यातून नागमोडी वाहत बाहेर पडणारी एक अरुंद खाडी. मार्चचा दुसरा आठवडा चालू आहे. दुपारी स्वेटर काढून ठेवावा असं ऊन, पण पाण्यात हात घातला की बोटं बधिर.

रोज पहाटे साडेपाचला उठून समुद्राच्या बाजूच्या टोकावर उभा राहतो. पहाटेची वेळ सोन्यासारखी, असं ऐकत आलोय. ९ फुटी रॉड, ४००० मापाचं रील, ब्रेडेड (विणलेली) लाईन, पुढं ३० ग्रॅमचा चकचकीत स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष. जोरात फेकायचं, जोरात ओढायचं. पाच सकाळींचा जमाखर्च: दोन स्पून खडपात गेले, शेवाळाची एक भलीथोरली जुडी आणि सर्दी. शेवटच्या दिवशी एकदा लाईन किंचित जड झाल्यासारखी वाटली, झटका दिला, हाती काही नाही.

या दिवसांत मासे बेटाकडं येतच नाहीत का? की भरतीऐवजी ओहोटीला जायला हवं? आमिष बदलू का? अजून सोळा दिवस हातात आहेत.

दमादमानं

पाणी थंड आहे हो. महिनाभरानं या, मासे तिथंच असतील. तोवर सर्दी बरी करा.

खडपावरचा

दमादमानं, माणसाकडं सोळा दिवस आहेत आणि तुम्ही महिन्याची गोष्ट सांगताय.

नवखे, तुमचं सामान ठीक आहे. बाजू चुकली, वेळ चुकली आणि हात घाईचा आहे. जरा लांबण लागेल, पण चौदा वसंत वहीत लिहून ठेवलेत, त्यातलं थोडं तरी कुणाच्या उपयोगी पडू दे.

आधी पाणी. हवा आठ दिवसांत बदलते, समुद्र नाही. एक अंश तापायला त्याला एवढी उष्णता लागते की हवेच्या मागं तो महिना-दोन महिने रेंगाळतो. म्हणून बऱ्याच थंड किनाऱ्यांवर समुद्राचं वर्षातलं सगळ्यांत गार पाणी हिवाळ्याच्या ऐन मध्यात नसतं, ते फेब्रुवारी-मार्चात असतं. म्हणजे तुमच्या अंगावर वसंताचं ऊन पडतंय आणि पायाशी हिवाळ्याचा तळ आहे. माशाला अंगची ऊब नाही, पाणी जेवढं तेवढाच तो. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली. पचायला वेळ लागतो, भूक कमी, पळायची इच्छा कमी. तुमचा स्पून त्याच्या समोरून आगगाडीसारखा जातो. तो बघतही नसेल.

पण सगळं पाणी सारखं गार नसतं, आणि बेटाची मौज तिथंच आहे. माझ्याकडं एक साधा थर्मामीटर आहे, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत घातलेला, बाटलीला दोरी आणि शिशाचा तुकडा. बाटली तळाशी सोडायची, तीन मिनिटं थांबायचं, वर काढून लगेच वाचायचं. वहीतला एक दिवस देतो. १२ मार्च, कडक ऊन, वारा नावाला. समुद्राकडच्या टोकावर दुपारी एक वाजता ७.५ अंश. मागच्या खाडीच्या तोंडाशी, नुकती ओहोटी लागलेली असताना, ८. तिथंच चार वाजता, ओहोटीचं शेवटचं पाणी बाहेर पडत असताना, ११. एकाच बेटावर, पायी वीस मिनिटांच्या अंतरात, साडेतीन अंश! त्या दिवशी टोकावर उभ्या असलेल्या दोघांना काही लागलं नव्हतं. मला खाडीच्या तोंडाशी तीन मासे मिळाले, तिघंही साडेतीन ते साडेचार या तासात.

कारण साधं आहे. मागचं पाणी गुडघाभर, खाली काळा चिखल. चिखल ऊन पितो, वरच्या पाण्याला देतो, आणि पाणी थोडं असल्यानं ते चटकन तापतं. ओहोटीला हेच तापलेलं पाणी खाडीतून बाहेर निघतं, बरोबर किडे, कोळंबीची पिल्लं, लहान खेकडे घेऊन. मासा तोंडाशी कडेला, जिथं प्रवाहाची ओढ मोडते तिथं, आयत्या जेवणाची वाट बघत थांबतो.

आता हीच गोष्ट उलटी लावा. उथळ पाणी लवकर तापतं तसं लवकर निवतंही. निरभ्र रात्रीनंतर पहाटे तो चिखल बेटावरची सर्वांत गार जागा असतो. तुमची सोन्याची पहाट उन्हाळ्यासाठी खरी आहे. या महिन्यात साडेपाचला उठणं म्हणजे मासा गोठलेला असताना त्याच्या दारावर थाप मारणं. दुपारी बारापर्यंत निवांत झोपा. माझ्या बायकोला हा एकच ऋतू आवडतो, कारण मी घरचा नाश्ता करून बाहेर पडतो.

वेळेचं गणित असं. दिवसाला दोन भरत्या असलेल्या किनाऱ्यावर दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढं सरकते आणि आठवड्यात जवळजवळ सहा तासांचा फेर पडतो. तुमच्या बेटाचा भरती-ओहोटीचा तक्ता काढा आणि दोन प्रकारचे दिवस खुणा करून ठेवा.

पहिला, भरती सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान असेल तो. म्हणजे पाणी चिखलावर उभं असताना डोक्यावर ऊन, आणि दुपारभर ओहोटी. खाडीचं तोंड धरा. कुठल्या तासाला? ओहोटीचे सहा तास धरले आणि उतरणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले, तर ते एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे उतरतात. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. त्या वेळी ओढ जोराची असते, गार आळशी मासा तिच्याशी भांडत बसत नाही. माझी वही सांगते चौथ्या तासाचा शेवट आणि पाचवा. ओढ मंदावलेली असते, आणि अगदी आतल्या टोकाचं, सर्वांत तापलेलं पाणी तेव्हाच तोंडाशी पोचतं.

दुसरा, ओहोटी भर दुपारी असेल तो. चिखल उघडा पडून तापतो, मग वर चढणारं पाणी त्याच्यावरून येतं. त्या दिवशी तोंडाशी उभं राहून उपयोग नाही, मासा पाण्याबरोबर आत सरकतो. दोन ते पाच, कडेच्या गवताजवळ, पाणी मांडीपेक्षा उथळ असलं तरी फेका. एवढ्या कमी पाण्यात मासा असेल यावर माझा पहिली चार वर्षं विश्वास नव्हता. त्याच्यावरून चालत जात होतो मी.

एक गोष्ट तक्त्यात सापडत नाही. खाडीच्या तोंडाशी ओढ फिरण्याची वेळ आणि भरती पूर्ण होण्याची वेळ एकच असेलच असं नाही. काही ठिकाणी पाणी चढायचं थांबल्यावरही तासभर प्रवाह आतच वाहतो. बेटाच्या टोकांना तर प्रवाह दुभंगतो, मागं भोवरे पडतात, कडेला उलटा वाहतो. एक दिवस रॉड न नेता जा आणि गवताच्या काड्या कुठं वाहतात ते घड्याळ लावून बघा. तक्त्यावर आंधळा भरवसाही नको. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल वाढला की पाणी ढोबळमानानं १ सेंटीमीटर बसतं. चांगल्या उन्हाच्या दिवशी दाब बहुधा चढाच असतो. तो वीसनं चढला तर पाणी वीस सेंटीमीटर खाली. त्यात काय मोठं, असं वाटेल. सपाट चिखलावर तेवढ्यात पाणी पन्नास पावलं मागं जातं.

आता हात. स्पून पेटीत ठेवा. बोटभर लांबीचा रबरी किडा किंवा खरा चिखलातला किडा, बारीक गरी, आणि शिसं तळाला टेकेल एवढंच. मी रील फिरवून आमिष ओढतच नाही. रॉडचं टोक वीतभर सरकवतो, सैल लाईन गुंडाळतो आणि अकरापर्यंत मोजतो. दहापर्यंत का नाही? दहाला माझा हात शिवशिवतो, म्हणून. वाकडी, आत वळलेली सर्कल गरी वापरलीत तर बरं, ती बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसते आणि मासा सोडायचा असेल तर सुखरूप सुटतो. पण तिला झटका द्यायचा नाही. लाईन जड झाली की शांतपणे गुंडाळत जायचं. तुमची ती 'किंचित जड' झालेली लाईन, शंभर टक्के मासा होता. या पाण्यात तो ओढत नाही, तोंडात घेऊन नुसता बसतो. तुम्ही त्याच्या तोंडातून घास काढून घेतलात.

आणि खडपात सामान घालवू नका. शिसं मुख्य लाईनवर थेट बांधू नका, मध्ये वीतभर कच्चा दोरा घाला, मुख्य लाईनच्या निम्म्या ताकदीचा. अडकलं तर शिसं जाईल, गरी आणि मासा राहील. समुद्रात पडून राहिलेली लांब लाईन पक्ष्यांच्या पायांत अडकते, तीही वाचते.

खोलपाणी

काका, सगळं मान्य, पण एक शंका. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळं तळाशी नेहमी ४ अंशांचं पाणी राहतं आणि थंडीत मासे खाली जातात, हे शाळेतलं विज्ञान. मग होडीनं बेटापासून लांब, खोल पाण्यात टाकणं शहाणपणाचं नाही का? उथळ पाण्यात वेळ का घालवायचा?

खडपावरचा

ते तळ्याचं विज्ञान. गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड होतं, म्हणूनच तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. समुद्राच्या पाण्यात किलोमागं साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते गार होत जाईल तसं जडच होत जातं, थेट गोठेपर्यंत, आणि गोठतं उणे १.९ अंशांच्या आसपास. समुद्राच्या तळाशी ४ अंशांचं राखीव कोठार वगैरे नसतं.

तुमचं अर्धं मात्र खरं आहे. ऐन हिवाळ्यात किनाऱ्याजवळचं उथळ पाणी खोल पाण्यापेक्षा लवकर गार होतं, म्हणून बरेच मासे बाहेर सरकतात. वसंतात पारडं फिरतं आणि दुपारपुरतं उथळ पाणी पुढं जातं. दुपारपुरतं, हे लक्षात ठेवा. ढगाळ दिवस, गार वारा असेल तर माझं वरचं पुराण गुंडाळून ठेवा आणि वाटल्यास खोलात टाका. तसे कोरे दिवस माझ्या वहीत ढीगभर आहेत.

वाऱ्याचंही बघावं लागतं. दोन-तीन दिवस वारा एका किनाऱ्याकडं वाहत राहिला तर वरचं, थोडं ऊबदार पाणी तिकडं जमतं. किनाऱ्यावरून बाहेर वाहत राहिला तर वरचं पाणी जातं आणि खालचं गार वर येतं. ऊन कडक आणि थर्मामीटर खाली, असं झालं की मी आधी वारा तपासतो.

वल्हेकरीण

खडपावरचे काका मासेमारी छान सांगतात, पण चिखलाबद्दल एक ओळ लिहिली नाही, म्हणून मी लिहिते.

नवखे, भर दुपारच्या ओहोटीला चिखलावर उतरण्याचा मोह होईल. मी तीन वर्षांपूर्वी उतरले होते. कयाक कडेला लावली आणि मासा कुठं उडतोय ते बघायला चार पावलं पुढं गेले. पाचव्या पावलाला मांडीपर्यंत आत. एक पाय ओढावा तर दुसरा रुततो. भरती लागायला अजून तास होता, तेवढ्यावर निभावलं. शेवटी आडवं पडून, वल्हं अंगाखाली घालून, सरपटत कयाकपाशी आले. एक बूट अजून तिथंच आहे.

दिवसही नेमके वाईट आहेत. २०-२१ मार्चला दिवस-रात्र समान होतात, सूर्य विषुववृत्तावर असतो, आणि त्याच्या आसपासच्या अमावस्या-पौर्णिमेची उधाणं बऱ्याच किनाऱ्यांवर वर्षातली मोठी असतात. म्हणजे ओहोटी नेहमीपेक्षा खूप बाहेर जाते, एरवी न दिसणारी वाळू उघडी पडते, आणि परत येताना पाणी तेवढंच वेगानं येतं. सपाट भागात ते समोरून येत नाही, तुमच्या मागच्या घळीतून येतं. तुम्ही मासा बघत असता आणि परतीची वाट आधीच बुडालेली असते.

ऊन आहे म्हणून लाईफ जॅकेट काढू नका. गार पाण्यात पडल्यावर काय होतं हे मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी १-१०-१ असं मांडलंय. पहिलं १ मिनिट श्वास आवरण्याचं, कारण छाती आपोआप धाप टाकते आणि तोंड पाण्याखाली असेल तर तिथंच संपतं. मग सुमारे १० मिनिटं हातापायांनी उपयोगाची हालचाल करता येते. आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. लोक गारठून मरण्याच्या कितीतरी आधी, हात चालेनासे होऊन बुडतात. जॅकेट असेल तर तो तास तुमचा, नसेल तर नाही.

आणि उघड्या बाजूच्या कातळावर गेलातच, तर आधी वीस मिनिटं वर बसून लाटा बघा. कोरडा दिसणारा कातळ कोरडाच राहतो असं नाही. मोठ्या लाटा मध्ये बऱ्याच अंतरानं येतात. शेवाळ ओलं असेल तिथं लाट पोचतेच, एवढं समजा.

खडपावरचा

ताई, बरोबर. लिहायचं राहिलं. मी सवयीनं एक काठी घेऊन चालतो, ती रुतते का बघून मग पाय. चौदा वर्षांत सवय झाली की माणूस सांगायला विसरतो.

नवखा_गरीवाला

आठ दिवसांनी परत आलोय. सगळ्यांचे आभार, वल्हेकरीण ताईंचे जास्त. मला त्या घळीबद्दल काहीच माहीत नव्हतं आणि ती माझ्या परतीच्या वाटेवरच आहे.

पहिल्या दिवशी रॉड नेला नाही. काका म्हणाले म्हणून नव्हे, पाऊस होता म्हणून. पण छत्री घेऊन तोंडाशी उभा राहिलो आणि काड्या टाकत बसलो. आमच्या खाडीत ओढ भरतीच्या तक्त्यापेक्षा ४० मिनिटं उशिरा फिरते. एक कुत्रा फिरवणाऱ्या बाई बराच वेळ माझ्याकडं बघत होत्या.

बाटलीचा थर्मामीटर केला. समुद्राकडं ८, खाडीच्या तोंडाशी दुपारी साडेतीनला १०.५. मग ढगाळ तीन दिवस, दोन्हीकडं ८ आणि मासा शून्य. काल कडक ऊन, भरती ११ ला. पाच वाजता, अकरा मोजताना नवावर असताना लाईन जड झाली. झटका द्यायचा नाही, हे आठवायला मला स्वतःला ओरडावं लागलं. चंदेरी बास, ३६ सेंटीमीटर. इथं ठेवून घेता येईल त्या किमान लांबीपेक्षा लहान, म्हणून सोडला. पाऊण तासानं दुसरा, चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला, फ्लाउंडर असावा. पण अगदी कागदासारखा पातळ. आजारी होता का?

खडपावरचा

आजारी नाही, दमलेला. फ्लाउंडरच्या बऱ्याच जाती हिवाळ्यात किंवा वसंताच्या सुरुवातीला खोल पाण्यात अंडी घालतात आणि मग रिकाम्या पोटानं उथळात चरायला येतात. आत्ता त्यांच्या अंगावर काही नसतं. सोडला असेल तर उत्तम. उन्हाळ्याअखेरीस तोच मासा तळहाताएवढा जाड असतो.

४० मिनिटं उशिरा, हे वहीत लिहा. ते फक्त तुमच्या खाडीचं आहे, कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही.

नवखा_गरीवाला

सोडला काका. वही आजच घेतली. फक्त एक नुकसान झालं. थर्मामीटरची बाटली खडपाजवळ सोडली, अडकली, ओढली तर दोरा तुटला. तुम्ही सांगितल्याप्रमाणं कच्च्या दोऱ्यावरच बांधली होती.

खडपावरचा

अहो, कच्च्या दोऱ्यावर शिसं बांधायचं होतं, थर्मामीटर नव्हे! उद्या पूर्ण ओहोटीला काठी घेऊन जा, दिसेल तिथंच. जॅकेट घालून.